बेकरीसमोरची रांग

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीच्या समारंभात सगळे जुन्या आठवणी काढत होते, तेव्हा टाळलं. बायकोलाही अर्धीच सांगितली. आता ज्याच्याबद्दल ती आहे तो माणूस राहिला नाही आणि खरं काय ते माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे. म्हणून लिहितो.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो आणि तो मशीन शॉपमध्ये फिटर. मूळचा लासलगावकडच्या एका खेड्यातला. आमच्या कारखान्याचं एका फ्रेंच कंपनीशी तांत्रिक सहकार्य होतं. नवीन मशीन येणार म्हणून त्याला सहा महिने तिकडे शिकायला पाठवलं. शेंगदाण्याच्या चटणीचे दोन डबे घेऊन गेलेला हा माणूस परत आला तो तिथल्या एका फुटबॉल क्लबचा होऊनच.

"तुला फुटबॉलचं काय कळतं?" मी विचारलं होतं.

"काय बी नाय. पण त्या गावात आपल्याला बोलता येईल अशी एकच जागा होती, ग्राउंड. गोल गेला की सगळे ओरडतात. आपण बी ओरडायचं. त्याला फ्रेंच कशाला लागतंय?"

ज्या म्हातारीच्या घरी तो राहत होता, तिचा नवरा त्या मैदानाची देखभाल करायचा. तो वारल्यावर कात्रणांनी भरलेला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा तिच्याकडे राहिला होता. जेवण झालं की ती डबा उघडायची, कात्रण दाखवायची, हातवारे करून सांगायची, आणि हा डिक्शनरी मांडीवर घेऊन एका जाड वहीत मराठीत उतरवून घ्यायचा. परत आल्यावरही त्यांची पत्रं चालूच राहिली. अशी हळूहळू ती वही भरली. आमच्या सिन्नरपेक्षा फार मोठं नसलेल्या एका फ्रेंच गावातल्या क्लबचा इतिहास, मराठीत.

कापडगिरणीतल्या कामगारांनी पाळी सुटल्यावर खेळायला सुरुवात केली, तिथून तो इतिहास सुरू होत होता. गिरणीत उरलेल्या कापडाचे सदरे शिवले. ते मळकट पिवळे होते, म्हणून क्लबचा रंग कायमचा मळकट पिवळा झाला. पुढे पगारी खेळाडू आले, वरच्या गटात गेले, मोठ्या शहरांच्या संघांना घरी बोलावून हरवू लागले. मग गिरणी बंद पडली, क्लबही बुडाला, नाव यादीतून गेलं. गावाने पुन्हा तळातून, शेतांतल्या मैदानांवरून सुरुवात केली आणि एकेक गट चढत परत वर आणला.

वाचताना मला क्लबपेक्षा लिहिणाऱ्याचंच जास्त कौतुक वाटायचं. बेअरिंगमधली फट जशी तो मोजायचा, तसाच सामन्याचा स्कोअर. दोन कात्रणांत वेगवेगळे आकडे दिसले की तो जागा कोरी सोडायचा, पत्र टाकायचा आणि उत्तर आलं की आकडा भरून बाजूला लिहायचा: "तपासलं." एका सामन्याची जागा त्याने दीड वर्ष कोरी ठेवली होती. मी म्हटलं, "टाक की अंदाजे, इथं कोण बघतंय?" तो म्हणाला, "मी बघतोय ना."

कारखान्यातल्या कामगारांचा आम्ही दरवर्षी दिवाळी अंक काढायचो आणि मी त्याचा संपादक होतो. दसऱ्याला मशीनची पूजा असायची, सगळ्यांची बायकापोरं यायची, तेव्हा अंकाचं प्रकाशन व्हायचं. एका वर्षी मीच त्याच्या मागे लागलो आणि वहीतला मुख्य भाग लेख म्हणून मागून घेतला.

लेखाचा शेवट त्या क्लबच्या सगळ्यात मोठ्या दिवसावर होता. देशाच्या कपची फायनल. शेवटच्या मिनिटांत चेंडू गोलकीपरच्या हातांतून सुटला आणि ते हरले. हा गोलकीपर त्याच गावातल्या बेकरीवाल्याचा मुलगा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बापाच्या दुकानात गल्ल्यावर येऊन बसला. आणि दुकानासमोर रांग लागली, ती थेट चर्चपर्यंत. ज्यांच्या घरी पाव होता तेही रांगेत उभे राहिले. फायनलबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. पाव घेतला, आभार मानले, निघाले. "त्या आठवड्यात सगळ्या गावाने शिळा पाव खाल्ला," असं म्हातारी सांगायची. हे लेखातलं शेवटचं वाक्य होतं.

मी ते काढलं. दिवाळीचा अंक, त्याचा शेवट हरण्यावर कसा करायचा? आमच्या अंकात तशी पद्धतच होती. कथेतली भांडणं शेवटी मिटायची, आजारी माणसं बरी व्हायची. बहुतेकांचे शेवट मीच गोड करायचो आणि कोणाची तक्रार यायची नाही. त्याच हाताने मी फायनल जिंकून टाकली. दोन ओळींत कप गावात आणला, घरोघरी दिवे लावले. बेकरीचा परिच्छेद गेला, त्या जागी पणतीचं चित्र टाकलं. त्याला विचारलं नाही. विचारायचं असतं हे मनातही आलं नाही.

त्या दसऱ्याला फ्रान्सहून एक पाहुणे आले होते, तिथले फोरमन. हे त्याच गावचे, आणि क्लबच्या जुन्या सभासदांपैकी. क्लबच्या मैदानाजवळ एका खोलीत जुने सदरे, फोटो, कागद मांडून ठेवले होते, आणि हिंदुस्थानातल्या एका फिटरने आपला इतिहास लिहिलाय हे म्हातारीकडून कळल्यावर ती वही तिथे ठेवायची असं ठरलं होतं. वही बघायला ते दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जेवायला जाणार होते. माझा मित्र आठवडाभर हवेत होता. वहीला त्याने नवं कव्हर घातलं होतं.

प्रकाशन झालं. व्यवस्थापकांनी संपादक म्हणून माझ्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. नंतर चहाच्या वेळी दुभाषी बाईंनी पाहुण्यांना लेखाचा शेवट वाचून दाखवला. ते आधी हसले. मग त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग काहीतरी हळू आवाजात बोलले.

बाई अवघडून म्हणाल्या, "ते विचारताहेत, हे कोणी लिहिलं? ते म्हणतात, मी त्या दिवशी स्टेडियममध्ये होतो. घरी येईपर्यंत रडत होतो. ज्याला तो दिवस माहीत नाही त्याला आमचा क्लब माहीत नाही."

मित्राने अंक अजून उघडलाही नव्हता. त्याने तो बाईंच्या हातातून घेतला, शेवट वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या शेजारी बायको नवी साडी नेसून उभी होती, समोर व्यवस्थापक. मी पेढ्यांच्या बॉक्सकडे बघत राहिलो.

त्याची नजर क्षणभर माझ्या शालीवर थांबली. मग तो बाईंना म्हणाला, "सांगा त्यांना, माझ्याकडून चूक झाली."

पाहुण्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. दुसऱ्या दिवशी ते जेवायला गेले, पुरणपोळी आवडीने खाल्ली, पण वही मागितली नाही.

सोमवारी तो टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला.

"ते हरले होते, संपादक."

"माहितीये. पण दिवाळी अंक..."

"त्यांच्यात दिवाळी नसते रे." कार्ड काढता काढता म्हणाला, "अन् बेकरी कुठं गेली?"

"जागा नव्हती," मी म्हणालो.

पणतीचं चित्र त्यानेही पाहिलं होतं. कार्ड पंच करून तो आत गेला.

शॉपमध्ये पोरांनी त्याला पुढे अनेक वर्षं सोडलं नाही. "काय फ्रान्स, आज कोणाला जिंकवलं?" कॅंटीनमध्ये हमखास कोणीतरी विचारायचं. तोही हसून म्हणायचा, "तुमचं नाव टाकलंय, संध्याकाळपर्यंत कळंल." मी त्याच टेबलावर असायचो. मीही हसायचो. तो एकदाही म्हणाला नाही की, याला विचारा.

निवृत्तीनंतर मी गंगापूर रोडला मुलाकडे राहायला आलो, तो गावी गेला. दोनेक वर्षांपूर्वी मी एसटीने त्याच्याकडे गेलो, सगळं बोलायचं ठरवूनच. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. तो ओट्यावर मोबाइल घेऊन बसला होता.

"मला एक बोलायचंय," मी म्हणालो.

"बोल की. पण आधी ह्यो गोल बघ. कालचा हाय." मळकट पिवळ्या सदऱ्यातला एक पोरगा धावत होता. गोल झाला. मित्राने मांडीवर थाप मारली. "हं, काय म्हणत होतास?"

"काही नाही. कांदा बरा दिसतोय यंदा."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसला. "कांदा बघाया एवढ्या लांब आला व्हय रे, संपादक?"

मी पोहे खाल्ले आणि चारची बस पकडली.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. दहाव्यानंतर त्याच्या बायकोने वही माझ्या हातात ठेवली. "भाऊजी, तुमालाच द्यायला सांगितली व्हती त्यांनी. म्हणले, संपादकाला दे, त्यालाच त्यातलं कळतं."

घरी येऊन फायनलचं पान काढलं. स्कोअरच्या बाजूला जुन्या शाईत "तपासलं" होतं. त्याच्या खाली, वेगळ्या शाईत, त्या दसऱ्यानंतरच्या महिन्यातली तारीख घालून पुन्हा एकदा: "तपासलं." शेजारी म्हातारीच्या पत्राचा तुकडा चिकटवलेला होता. स्वतःला इतकं पक्कं माहीत असूनही त्याने पत्र टाकून परत विचारलं होतं.

वही मी क्लबला पाठवली आहे. त्या दुभाषी बाई आता पुण्यात असतात, त्यांच्याकडून सोबत पत्र लिहून घेतलं आणि त्यात शेवट कोणी बदलला ते माझ्या नावानिशी कळवलं. तिकडचं ते तिकडे होईल. त्याच्या ओट्यावर जे बोलायचं होतं ते मात्र इथेच लिहावं लागतंय.

अरे, ते हरले होते आणि तू बरोबर लिहिलं होतंस. खोटं मी लिहिलं. अंगावर शाल होती म्हणून त्या दिवशी बोललो नाही आणि नंतर सवयीने बोललो नाही. बेकरीला जागा होती. मला माफ कर.