उजव्या गालातला घास

भाकरी चावताना गेले काही महिने माझ्या कानाजवळ 'कट्' असा आवाज होतो. परवा जांभई देताना जबडा क्षणभर अडकलाच, तेव्हा कुठे दातांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तोंडात आरसा घालून ती म्हणाली, "काका, तुम्ही सगळं उजव्याच बाजूने खाता ना?"

हिला कोणी सांगितलं? मी खुर्चीतूनच दाराबाहेर बसलेल्या बायकोकडे पाहिलं. जन्मभर परीक्षेत कॉपी पकडणारा मास्तर मी. चुगलखोर चेहरा बरोबर ओळखतो. ती मात्र शांतपणे मासिक चाळत होती.

"डावी दाढ किडलीय," डॉक्टर सांगू लागली. "ती बाजू वापरत नाही, म्हणून दातांवरचं कीटणही तिकडेच साचलंय. सगळा भार उजवीकडे, मग सांधा कुरकुरणारच. सहा महिन्यांनी एकदा दाखवत असता, तर इथवर आलंच नसतं."

म्हणजे चुगली माझ्याच तोंडाने केली होती. ती दाढ मी कधीपासून चुकवतोय, मलाच आठवेना. माणूस दुखणं टाळायला शिकतो आणि पुढे त्यालाच आपली सवय म्हणतो. अशा आणखी किती सवयी असतील माझ्या?

दाढ भरून झाल्यावर, आठवड्याने जेवताना बायकोने विचारलं, "अहो, दोन्हीकडून खाताय ना?"

"म्हणजे काय!" उजव्या गालातला घास सावरत मी म्हणालो.

'कट्.'

तिने मान वर केली. मी कॉपी सापडलेल्या पोरासारखा ताटाकडे बघत राहिलो.