इतिहासातून काढलेलं पान

आमच्या गावाचा स्थापना दिन साजरा करायचं ठरलं, तेव्हा गाव नेमकं कधी वसलं हे कुणालाच माहीत नव्हतं. मग पाडव्याचा दिवस धरला. इतिहासाची पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी निवृत्त शिक्षक. गाव आणे पठारावर, पाण्याची कायम टंचाई.

माहिती गोळा करताना मी एका म्हाताऱ्या धनगराकडे गेलो. तो अजून थोडी मेंढरं राखतो. भर उन्हात त्यानं मला टेकडीमागच्या झऱ्यापाशी नेलं, तिथली दगडांची अर्धगोल रांग दाखवली.

"हितं आमच्या वाडवडलांची मेंढरं बसायची. पानी मेंढरांनीच हुडकलं. तुमची मान्सं मागनं आली, वस्ती करू का म्हनून इचारलं. आमी म्हनलं, करा की. पानी काय आमचं एकट्याचं न्हाई."

घरी येऊन मी त्यावर एक पान लिहिलं. चांगलं उतरलं होतं.

उत्सव समितीचा अध्यक्ष माझा चुलतभाऊच. त्यानं पान वाचून माझ्यापुढे सरकवलं. "दादा, मेंढरं काय, यायची नि जायची. गाव आपल्या लोकांनी वसवलं. बघा, तुमीच ठरवा."

जबरदस्ती कुणी केली नाही, हे मुद्दाम सांगतो. मी नुसता हुंकार भरला आणि ते पान पुस्तिकेतून काढलं. नारळ-शाल मलाच मिळणार होती, हेही तेव्हा मनात होतं.

पाडव्याला देवळापुढे मांडव घातला. म्हातारा धुतलेलं पागोटं बांधून, सुनेला घेऊन आला होता. पुढच्या रांगेत बसला. मी माईकवर इतिहास वाचत होतो आणि तो दर परिच्छेदाला मान पुढे काढत होता. वाचन संपलं, टाळ्या झाल्या, तरी तो तसाच बघत राहिला.

खाली उतरलो तर तो समोर. "गुर्जी, आमचं ऱ्हायलं का वाचायचं?"

"वेळ कमी पडला," मी म्हणालो. "पुस्तिकेत छापलंय सगळं."

त्याला वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यानं दोन्ही हातांनी पुस्तिका घेतली, कपाळाला लावली. माझ्या खांद्यावरची शाल मला टोचायला लागली.

त्याची सून दहावी शिकलेली आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आठवडाभर मी त्या बाजूला फिरकलो नाही. शेवटी राहवेना, म्हणून गेलो. तो मेंढराच्या खुरातला काटा काढत होता. सून दारात उभी होती, ती मला बघून आत गेली. मी म्हणालो, "चुकलं माझं. खोटं बोललो मी."

त्यानं काटा काढून टाकला, मेंढरू सोडलं. मग म्हणाला, "लिवलं न्हाई त्याचं काय न्हाई, गुर्जी. पर सुनेनं पयल्या पानापासनं वाचत आणलं. मी म्हनत ऱ्हायलो, थांब, आता यील. शेवटाला तिनं पुस्तक मिटलं अन् माज्याकडं बघितलं. लई वंगाळ वाटलं."

पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो, ते पान वाचलं आणि मीच ते गाळलं होतं असंही सांगितलं. चुलतभाऊ उठून बाहेर गेला. म्हाताऱ्याला मी निरोप धाडला होता. तो आला नाही.