अण्णांची चूळ

अण्णांनी उभ्या आयुष्यात कुठल्याच पाण्यावर पहिल्या घोटाला विश्वास ठेवला नाही. तांब्या हातात दिला की आधी चूळ भरायची, डोळे मिटून ती या गालातून त्या गालात फिरवायची आणि अंगणात टाकायची. मग पाणी पास की नापास ते सांगायचे. आमच्या घरचं पाणी ते पहिल्यांदा आले त्याच दिवशी नापास झालं. आईने पुढे महिनाभर त्यांना चहाच दिला.

अण्णा आमच्या गावचे मेंढपाळ, मेंढरं राखण्यात त्यांची हयात गेली. आमच्या सिरसाळ्याच्या शिवारात एक बोअर गोड लागतो, शेजारचाच खारट. कळपाला पाणी दाखवण्याआधी अण्णा स्वतः ओंजळभर तोंडात घेत. "मेंढरू बोलत न्हाई बाबा, आपुन तरी इचारावं," म्हणत.

मी तेव्हा शेततळ्यात मासे पाळत होतो. पावसाळ्यात सोडलेले रोहू-कटला हातभर झाले, तसा मी गावात तज्ज्ञ म्हणून वावरू लागलो. उन्हाळ्यात आणखी बी आणलं, बोटाएवढी पिल्लं. थाटात तळ्यात सोडली, फोटो काढला. सकाळी पाहतो तर निम्मी पोट वर करून तरंगत होती आणि उरलेली काठाशी तोंड उघडून धापा टाकत होती.

संशयाचा माझ्याकडे कधी तुटवडा नव्हता. आदल्या संध्याकाळी अण्णा तळ्याच्या काठावर वाकलेले मी पाहिले होते. मेंढरांना मी तळ्यावर येऊ देत नसे, म्हणजे राग असणारच. शिवाय मी हाक मारली तर बोलले नाहीत. गाल फुगवून नुसती मान हलवली. एवढा पुरावा मला पुरला.

चहाच्या टपरीवर चार माणसांत मी त्यांना विचारलं, माझ्या तळ्यात काय कालवलंत म्हणून. अण्णांनी कप खाली ठेवला.

"औषध टाकलं असतं, तर मोठे मासे काहून जित्ते हायेत?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ते उठले आणि थेट तळ्यावर चालू लागले. मी मागून. तिथं त्यांनी चूळ भरली, टाकली आणि मला म्हणाले, "आता तू घे."

घेतली. जीभ आखडली.

"काल चाखलं तवाच सांगनार हुतो, पर तू तोंड फिरवून गेलतास. बोअर खारट, त्यात उनानं पानी आटलंय. पर एवढा खार? मीठ कुनी टाकलं?"

मी आभाळाकडे पाहिलं. मिठामुळे माशांना रोग होत नाहीत, असा व्हिडिओ पाहून मीच अख्खी गोणी तळ्यात रिचवली होती. रिकामी गोणी मोटारीच्या खोलीपाशी पडली होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मेंढीला खारं सोसतं. कोकराला न्हाई."

एवढंच बोलले आणि धोतर खोचून पाण्यात उतरले. जिवंत पिल्लं आम्ही तळ्याच्या पाण्यासकट टपात घेतली. गोड विहिरीचं पाणी मी एकदम ओतायला निघालो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. दुपारपर्यंत ते एकेक तांब्या, थांबून थांबून, टपात सोडत बसले. एकेक पिल्लू सरळ पोहू लागलं. आदल्या रात्रीतून वाचलेली बहुतेक जगली.

त्याच टपरीवर, त्याच चौघांपुढे मी माफी मागितली. नंतर अण्णा घरी आले. आईने धास्तावत तांब्या पुढे केला. त्यांनी तो चूळ न भरता गटागटा रिकामा केला. मी विचारलं, आज तपासलं नाही?

"पानी काहून तपासू? तू तपासून झालास. येडा हायेस, वंगाळ न्हाईस."

पुढच्या थंडीत अण्णा गेले. आता बी सोडण्याआधी तळ्याची चूळ मीच भरतो. ती तोंडात असताना बांधावरून कुणी हाक मारली, की घाईघाईने थुंकून आधी ओ देतो.