न धुतलेला कोट

माझ्या आत्याची लाँड्री होती. दुकान पुढे, घर मागे, आणि दोन्हीच्या मधे मोठा हौद. आत्या कपडे धुवायची, खळ घालायची, काका इस्त्री करायचे. काकांच्या हातची घडी अशी, की शर्ट उलगडायला जिवावर यावं. गावातले बडे लोक कपडे तिथेच टाकत. कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, अध्यक्षांचे पांढरे कोटसुद्धा तिथेच यायचे.

त्या वर्षीच्या निवडणुकीत आत्याच्या, म्हणजे आमच्याच, गल्लीने अध्यक्षांच्या विरोधात मतं टाकली. मतं गुप्त असतात म्हणतात, पण गल्लीची पेटी वेगळी असली की गुपित कसलं राहतंय? अध्यक्ष तरीही निवडून आले. विजयाची जेवणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर कोट घेऊन दुकानात आला. छातीवर भलामोठा तेलकट डाग, कॉलर घामाने पिवळी.

"साहेब म्हणाले, नीट काढा डाग."

आत्याने कोट भिजत घालायला घेतला आणि नळ सोडला. नळाने नुसती हवा फुसफुसली.

आधी वाटलं, दुरुस्ती असेल. कौन्सिलमधूनही तेच सांगत होते, दुरुस्ती चालू आहे. पण शेजारच्या गल्लीला धो धो पाणी, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली पाण्याची चावी आवळून वर कुलूप घातलेलं. ज्या चावीवाल्याने कुलूप लावलं तो ओळखीचा होता. खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, वरून सांगितलंय. माझी नोकरी जाईल."

लाँड्रीला पाणी नाही म्हणजे काय राहिलं? काका चढावरून बादल्या आणायला लागले. एक दिवस भरल्या बादल्यांसकट घसरले आणि खुबा मोडला. त्यानंतर उठले ते काठी धरूनच. इस्त्रीपाशी उभं राहणं संपलं. पुढची निवडणूक तेवढी त्यांनी पाहिली, मग फार जगले नाहीत.

काका अंथरुणावर असताना आत्या कौन्सिलच्या सभेला गेली. वरच्या मजल्यावर लांब हॉल, मधे टेबल, भोवती सभासद, भिंतीला टेकून आमच्यासारखी माणसं. तिने हात जोडून सांगितलं, "साहेब, राग असेल तर माझ्यावर काढा, पण पाणी सोडा."

अध्यक्षांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी आले आणि ग्लास सावकाश तिच्या पायांवर ओतला.

"घ्या बाई पाणी. पुरेल ना?"

हॉल खदखदून हसला. चावीवाला हसला, दोन मास्तर हसले, आत्याकडे कपडे टाकणारा डॉक्टरही हसला. आत्या ओल्या चपलांनी जिना उतरून घरी आली. त्या दिवशी ती रडली नाही, असं काका सांगायचे. जेवलीही नाही. कोट घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि पेटी पलंगाखाली सारली.

ड्रायव्हर मधूनमधून विचारायला यायचा. "कोट झाला का?"

"पाणी आलं की होईल."

शेवटी निरोप आला, राहू दे, साहेबांकडे कोटांना तोटा नाही.

पुढच्या निवडणुकीत दुसरा माणूस आला आणि कुलूप निघालं. नळाला धार लागली तशी गल्लीतल्या बायका ओरडल्या. काका म्हणाले, "आता धुऊन देऊन टाक तो कोट. घरात नको."

आत्या म्हणाली, "ज्याने बंद केलं त्याने सोडलंय का?"

विषय तिथेच मिटला. आत्याने दुकान पुन्हा उभं केलं, मुलगी शिकवली, तिचं लग्न करून दिलं, केस पांढरे झाले. वरवर सगळं छान चाललं होतं. पण अध्यक्षांचं नाव निघालं की तिचा चेहरा इस्त्रीसारखा तापायचा. आम्ही पोरं ते नाव तिच्यासमोर घेत नसू.

मग कौन्सिल नव्या इमारतीत गेली. जुनी इमारत बराच काळ बंद पडून होती. शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाईंनी माणसं जमवली आणि तिथे गावाचं संग्रहालय करायचं ठरवलं. ज्याच्याकडे जुन्या कौन्सिलची जी वस्तू असेल ती आणा, असं सांगितलं. लोकांनी शिक्के आणले, कंदील आणले, मतपेटी आणली, कुत्र्यांच्या गळ्यातले पितळी बिल्ले आणले. अध्यक्षांचा मुलगा समितीत होता. वडिलांची खोली त्याने अंगावर घेतली: खुर्चीला पॉलिश, भिंतीवर हार घातलेला फोटो, टेबलावर पेन.

आत्या मला म्हणाली, "पेटी ओढ बाहेर."

आम्ही गेलो तेव्हा मुलगा फोटो सरळ करत होता. आत्याने कोट टेबलावर उलगडला.

"अरे वा! बाबांचा!" तो खूश झाला. मग वास आला तसा मागे सरकला. "आजी, हा धुतलेला नाही वाटतं?"

"नाही. तुझ्या वडिलांनी पाणी तोडलं होतं."

आणि मग तिने सगळं सांगितलं, ग्लासापर्यंत. चित्रकलेच्या बाई ऐकत उभ्या होत्या. मुलाचे कान लाल झाले.

"आजी, झालं गेलं. मी ड्रायक्लीन करून आणतो, छान काचेत लावू."

"हात लावू नकोस. जसा दिला तसाच लागेल. आणि खाली लिहायचं: अध्यक्षांचा कोट. धुवायला दिला तेव्हा त्यांनी गल्लीचं पाणी बंद केलं, म्हणून धुतला नाही."

"ही वैयक्तिक भांडणं इथे कशाला?"

बाई पहिल्यांदा बोलल्या. "खुर्ची चालते, पेन चालतं. मग कोट का नाही?"

समितीत बरेच वाद झाले. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं काठ्या टेकत आली आणि एकेकाने सांगितलं, हो, असंच झालं. कोट काचेत लागला.

उद्घाटनाला अध्यक्ष स्वतः आले. वाकलेले, एका कानाने बहिरे, मुलाच्या आधाराने. खोलीत शिरले आणि कोट पाहून चेहरा उजळला.

"माझा! निवडून आलो तेव्हाचा! खाली काय लिहिलंय रे?"

"तुमचंच नाव, बाबा. चला पुढे."

आत्या गर्दीतून पुढे झाली. त्यांच्या ऐकू येणाऱ्या कानाशी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात पाटी वाचली.

"तू कोण?"

"लाँड्रीवाली. जिच्या पायांवर ग्लास ओतलात ती."

त्यांनी डोळे बारीक करून तिला न्याहाळलं. मग म्हणाले, "आठवत नाही."

"म्हणूनच लिहून लावलंय."

त्यांनी काठी आपटली. "काढ तो! आत्ता काढ!" आवाज तोच जुना होता, असं आत्या नंतर म्हणाली. पण कुणीच हललं नाही. दाराशी कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणी, आणि सगळी खोली हसायला लागली. अध्यक्ष ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होते. आत्या हसली नाही. ती फक्त बघत होती, अगदी मन लावून. घरी येऊन तिने माझ्याकडून दोनदा चहा करून घेतला आणि पोटभर जेवली.

नंतर एकदा आत्या संग्रहालयात असताना अध्यक्षांच्या पत्नी एकट्याच आल्या. कॉलरच्या शिवणीकडे बघत म्हणाल्या, "ही मी घातली होती. मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं, बाई. ऐकलं नाही. आता तरी काढता का?"

आत्याने त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. "तुमच्याशी माझं काही नाही. पण कोट निघणार नाही."

पुढच्या वर्षी अध्यक्ष गेले. मुलगा आत्याच्या दारात आला, निदान काही दिवस तरी कोट उतरवा म्हणाला. आत्याने ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. तो गेल्यावर मला राहवलं नाही.

"अगं आत्या, माणूस गेला आता."

"तो गेला. मी कुठे गेलेय?"

दुसऱ्या दिवशी ती संग्रहालयात गेली. कोटाला कसर लागली नाही ना हे काचेला नाक लावून पाहिलं, आणि बाईंच्या मागे लागून आत नव्या डांबरगोळ्या टाकायला लावल्या. एवढी काळजी तिने स्वतःच्या लग्नातल्या साडीचीसुद्धा घेतली नव्हती.