बरं झाल्यावरचं माप

रघुनंदन यांच्याकडे स्वतःची अशी गोल्फची काठी कधीच नव्हती. तशी गरजही पडली नाही. बंगळूरबाहेर आनेकलच्या वाटेवर ज्या सरकारी कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते, तिथे शेडच्या मागे नऊ खड्ड्यांचं छोटं मैदान होतं. मूळचं साहेबांसाठी केलेलं. पुढे युनियनने भांडून ते सगळ्यांना उघडं करून घेतलं, आणि मग लोक एकदोनदा जाऊन पुन्हा आपापल्या क्रिकेटकडे वळले. रघुनंदन तेवढे राहिले. स्पोर्ट्स रूममधल्या सामायिक काठ्या, रंग उडालेले चेंडू आणि रविवारची सकाळ. आठवडाभर हातभर अंतरावरच्या रेषा पाहणाऱ्या माणसाला तिथे लांब बघायला मिळे. चेंडू उडाला की तो पडेपर्यंत डोळ्यांना दुसरं काम नसे. खेळ त्यांना बेताचाच येत होता. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही.

निवृत्त झाल्यावर सामायिक काठ्या बंद झाल्या, कारण त्या नोकरीतल्यांसाठी होत्या. त्याच सुमाराला पाठही गेली.

डॉक्टरांनी काळ्या फिल्मवर बोट ठेवून दाखवलं. कण्यातून नसा जातात ती वाट अरुंद झाली होती. पुढे वाकलं की ती जरा मोकळी होते, ताठ उभं राहिलं की आवळते आणि पाय बधिर होतात. "हे जात नाही," डॉक्टर म्हणाले. "याच्यासकट राहायचं." ऑपरेशनचं विचारल्यावर त्यांनी दोन्ही तळवे असे काही उघडले की रघुनंदन यांच्या पत्नी कमलाबाईंनी फिल्म पाकिटात घालायला घेतली. व्यायाम शिकवणारी मुलगी मात्र म्हणाली, "सुधारणा होईल, अंकल." रघुनंदन यांनी तेवढं वाक्य चामराजपेटला घरी आणलं आणि जपून ठेवलं.

निवृत्तांना मैदानाचा पास मिळे. पण पास मोजके आणि मागणारे पुष्कळ, म्हणून एक नियम होता. दर जानेवारीत निवृत्तांचा दिवस असे. त्या दिवशी स्वतःच्या काठ्यांनी, पायी, नऊही खड्डे पुरे करायचे. केले तर पास चालू, नाहीतर तो रांगेतल्या पुढच्या माणसाला. रघुनंदन यांचा हा पहिलाच जानेवारी येणार होता.

"रघू," भीमाचार्य म्हणाले, "कमलाक्कांना सोन्याचं कधी केलं नाहीस. स्वतःला लोखंडाचं तरी कर." भीमाचार्य हिशेब खात्यात होते आणि कित्येक वर्षं रविवारचे जोडीदार. त्यांचा स्वतःचा संच परदेशातल्या जावयाने पाठवलेला, त्यामुळे लोखंडाविषयी ते मोकळेपणाने बोलत.

नवा संच परवडण्यातला नव्हता. भीमाचार्यांनीच कोरमंगलातलं एक ठिकाण सांगितलं. खाली बिर्याणीचं हॉटेल, वर मुलींचं पीजी, आणि मधल्या मजल्यावर एका खोलीत रक्षिता नावाची मुलगी जुन्या काठ्या घेऊन, दुरुस्त करून, माणसाच्या मापाने बसवून देत असे. खोलीत एका बाजूला जाळी टांगलेली, तिच्यासमोर हिरवी चटई.

"पाठीचं दुखणं आहे का?" तिने कन्नडमध्ये विचारलं. रघुनंदन यांनी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"स्वल्प," ते म्हणाले.

ती हसली. तिने आधी बजेट विचारलं, मग बरंच काही कमी केलं. पूर्ण संच नको, निम्मा पुरे. लांब पल्ल्याच्या लोखंडी काठ्या तर नकोच. त्यांच्या जागी जाड डोक्याच्या दोन, ज्यांना जोर कमी लागतो. दांडे पोलादाचे नकोत, ग्रॅफाइटचे हवेत. हलके असतात, फटक्याचा झटका पाठीपर्यंत येत नाही. मुठी जाड आणि मऊ, म्हणजे घट्ट आवळाव्या लागत नाहीत. बॅग खांद्यावर न घेता चाकांच्या गाडीवर. हे सगळं तिच्याकडे होतं, वापरलेलं, चरे पडलेलं. रघुनंदन यांना ते चरे आवडले.

मग माप. मनगटापासून जमिनीपर्यंत किती, त्यावरून दांड्याची लांबी.

"सहज उभे राहा, अंकल."

ते उभे राहिले.

"असं नाही. जिना चढून आलात ना, तसे."

रघुनंदन यांनी श्वास सोडला. खांदे पुढे आले, हात गुडघ्यांच्या दिशेने उतरले. रक्षिताने पट्टी लावली, पुन्हा त्यांना ताठ उभं केलं आणि पुन्हा लावली. दोन्ही मापांत बराच फरक होता.

"सगळे व्हिडिओ सांगतात, पाठ दुखते तर लांब काठी घ्या, वाकावं लागत नाही," ती म्हणाली. "बहुतेकांना ते बरोबर आहे. तुम्हाला वाकलं की बरं वाटतं. तुमचं आखूड पाहिजे."

"व्यायाम चालू आहे. पाठ सरळ झाली तर?"

"तर आखूड पडतील."

"मग परत बदलता येईल?"

"दांडा एक वेळ बदलेन. पण डोकं दांड्याला ज्या कोनात बसतं तो कोनही वाकवून घ्यावा लागतो. हे जुनं ओतीव लोखंड आहे. एकदा वाकतं. दुसऱ्यांदा मी हात लावणार नाही, तुटतं." तिने पट्टी गुंडाळली. "विचार करून सांगा. घाई नाही."

त्या संध्याकाळी रघुनंदन यांनी कमलाबाईंना सगळं सांगितलं. त्या कढीपत्ता निवडत होत्या. त्यांच्या घरात कुठलीही गोष्ट दोनदा करायची पद्धत नव्हती. मुलीचे, आश्लेषाचे, शाळेचे स्कर्ट त्यांनी नेहमी वाढत्या अंगाचे शिवले. खालची दुमड दर जूनमध्ये एकेक बोट उसवायची. आश्लेषाला पुढे स्वतःच्या मापाचा कपडा अंगावर चावतो असंच वाटत राहिलं.

"अहो, मग त्यात विचारायचं काय?" त्या म्हणाल्या. "आज आहे त्याचं माप कशाला द्यायचं? बरं झाल्यावरचं द्या. परत परत कोण करत बसणार?"

रघुनंदन यांना हेच ऐकायचं होतं. नोकरीभर त्यांनी हेच केलं होतं. ड्रॉइंगमध्ये भाग जसा असायला हवा तसा काढायचा. यंत्रावरून तो कसा उतरतो ते ड्रॉइंगचं काम नव्हे.

दुसऱ्या खेपेला त्यांनी तसं सांगितलं तेव्हा रक्षिताने पट्टी पुन्हा उलगडली. "अंकल, तुमच्या पैशाने, तुमच्या हाताला. पण मी सांगितलं होतं, हे लक्षात ठेवा."

"सरी, ठीक आहे," रघुनंदन म्हणाले. त्या दिवशी खोलीत उभे असेपर्यंत ते ताठच होते.

काठ्या घरी आल्या. गच्चीवर जुनं पायपुसणं टाकून ते सकाळी हवेतच फटके मारत. ताठ उभे राहिले तर काठी सुरेख बसे. डोक्याची खालची कड पायपुसण्यावर सपाट टेके, हात जिथे असायला हवेत तिथे. तेवढ्यात मांड्यांमधून मुंग्या उतरू लागत. मग अंग आपोआप पुढे झुके, मुठीचं टोक पोटात रुते आणि काठीचं पुढचं टोक जमिनीवरून उचलून येई. असा मारलेला चेंडू डावीकडे जातो, हे त्यांना कागदावर काढून दाखवता आलं असतं.

रोज व्यायाम झाल्यावर ते भिंतीला टाचा लावून उभे राहत. डोकं भिंतीला लागलं का, हे कमलाबाई मधे हात घालून बघत.

"लागलं?"

"थोडं राहिलंय."

पावसाळा गेला. दसऱ्याला त्यांनी काठ्यांना हळदकुंकू वाहिलं. हात अजूनही मधून जातच होता. दिवाळीनंतर कमलाबाई "थोडं राहिलंय" म्हणेनाशा झाल्या. त्या नुसता हात काढून घेत आणि म्हणत, "चला, कॉफी निवते."

जानेवारीतल्या त्या सकाळी भीमाचार्यांनी त्यांना गाडीतून नेलं. निलगिरीच्या झाडांखाली अजून धुकं होतं. जुनी माणसं स्वेटर घालून जमली होती, एकमेकांच्या गोळ्यांची नावं विचारत होती. जोड्या पडल्या. जोडीदाराने जोडीदाराच्या कार्डावर सही करायची.

पहिला खड्डा रघुनंदन ताठ उभे राहून खेळले. वेळ लागला, पण झाला. दुसऱ्याला पहिलाच फटका डावीकडे कंपाउंडच्या भिंतीवर आपटला.

"भिंतीपलीकडे आता अपार्टमेंट झालंय," भीमाचार्य म्हणाले. "कुणाच्या उपम्यात पडला असता. मैदान इकडे आहे, रघू."

"माहीत आहे."

तिसऱ्या खड्ड्यापर्यंत पाय उसने झाले. रघुनंदन सिमेंटच्या बाकावर बसले. बसलं की पाच-सात मिनिटांत पाय परत येत, हा त्या दुखण्याचा चांगुलपणा होता. मागची जोडी आली. खेळातली रीत आहे, हळू चालणाऱ्याने मागच्याला वाट द्यायची. रघुनंदन यांनी हात हलवला: पुढे जा. चौथ्यालाही तेच. पाचव्याला दोन जोड्या एकदम. "काय आचार्य, मंगलकार्यालयात बसल्यासारखे बसलाय," त्यातला एकजण ओरडला. "जेवायला वाढलं की हाक मारा," भीमाचार्यांनी उत्तर दिलं, पण त्यांचं लक्ष उन्हाकडे होतं. दुपारी जेवणाच्या भोंग्याला मैदान बंद होणार होतं.

सहाव्याला रघुनंदन यांनी मूठ सोडली आणि हात खाली सरकवून सरळ नागड्या दांड्यालाच धरलं. टोक बरगडीला लागत होतं. अंग हवं तितकं वाकू दिलं. चेंडू गेला, फार लांब नाही, पण सरळ. दोघेही तो पडेपर्यंत बघत राहिले.

"हे बघ! असंच मार," भीमाचार्य म्हणाले.

पुढच्या फटक्याला घामाने दांडा हातात फिरला आणि टोक असं लागलं की रघुनंदन काठ्यांच्या गाडीला धरून खाली बसले. भीमाचार्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मागून शेवटची जोडी येत होती.

"तू यांच्याबरोबर जा," रघुनंदन म्हणाले.

"गप्प बस. तीनच राहिलेत."

"तुझाही पास जाईल."

"जाऊ दे. जावयाला सांगतो, मैदानही पाठव."

"भीम्या, जा."

बऱ्याच वर्षांत त्यांनी भीमाचार्यांना अशी हाक मारली नव्हती. भीमाचार्यांनी कार्ड काढलं, पेन काढलं. "मी भरून टाकू? कोण बघतंय? नऊच्या नऊ."

रघुनंदन यांनी मान हलवली. त्यात बाणेदारपणा नव्हता. नुसतं पुढचं वर्ष त्यांना दिसलं होतं, आणि त्याच्या पुढचं. भीमाचार्यांनी पेन खिशात ठेवलं, मग ते त्या जोडीबरोबर गेले. जाताना दोनदा वळून पाहिलं. तिसऱ्यांदा नाही.

भोंगा झाला तेव्हा रघुनंदन गाडी ढकलत परत येत होते. गाडीच्या दांड्यावर वाकून चालताना पाठ अजिबात दुखत नव्हती.

पास महिनाअखेरीला गेला. कमलाबाईंनी मापाचा विषय कधीच काढला नाही. ज्याच्या त्याच्याशी बोलताना त्या म्हणत, "यांना आता उन्हाचं सोसत नाही." फेब्रुवारीत एकदा त्यांनीच बॅग पुसून दाराशी ठेवली आणि म्हणाल्या, "गच्चीवर सडतील."

रक्षिताने काठ्या ठेवून घेतल्या. थोड्याच दिवसांत तिचा फोन आला: एक गिऱ्हाईक आहे, तुम्ही या, समोरासमोर होऊ दे.

श्रीरंग नाव होतं त्याचं. पुण्याहून इथे नोकरीला आलेला, उंच, तिशीतला. जाळीसमोर उभा राहून त्याने एक काठी घेतली, मग दुसरी. प्रत्येक वेळी कड चटईवर सपाट बसत होती. चेंडू जाळीच्या मधोमध जात होता, पुन्हा तिथेच, पुन्हा तिथेच. रक्षिताने पट्टी काढलीच नाही. ती दुसऱ्याच एका काठीची मूठ सोलत बसली.

"काका, तुम्ही मराठी ना? हिने सांगितलं," तो म्हणाला. "परफेक्ट आहेत हो. काही चेंजच करावा लागत नाहीये. कोणाच्या होत्या?"

"माझ्याच."

त्याने काठीकडे पाहिलं, मग रघुनंदन यांच्याकडे. "म्हणजे आधीच्या? यंग असतानाच्या?"

"नाही. गेल्या वर्षीच केल्या."

श्रीरंगने काठी उलटी करून पाहिली. तो अदबीने हसला. "मग आता तुम्ही नवीन सेट घेतला असेल."

"बघू," रघुनंदन म्हणाले.

"एक शॉट मारून दाखवा ना, काका. मला थोडी आयडिया येईल."

"मला बस आहे."

रक्षिता दारापर्यंत आली. "अंकल, आखूड एक जोडी आहे माझ्याकडे. नुसती घरी, गच्चीवर—"

"नको गं," ते म्हणाले. कन्नडमध्ये, मुलीला म्हणावं तसं.

ते जिना उतरले. खाली बिर्याणीसाठी थांबलेली मुलं, त्यांच्या गाड्या रस्त्यापर्यंत. पाय गेले होते. रघुनंदन यांनी एका स्कूटरच्या सीटवर दोन्ही हात टेकले, पुढे वाकले आणि पाय परत यायची वाट बघत उभे राहिले. वरून चेंडू जाळीला लागल्याचा आवाज येत होता.

"अंकल, गाडी काढायची आहे," एक मुलगी हेल्मेट हातात घेऊन म्हणाली.

ते बाजूच्या गाडीवर सरकले.