रोट सरल्यावर घ्यायच्या पुड्या

जळगावला शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला, ‘सुमनअक्का गेली.’ मी फोनवरच ओरडलो, ‘अशी कशी गेली? परवा तर बोलत होती!’ महिना उलटला. राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

अक्का माझी थोरली बहीण, धुळ्याला देवपुरात दिलेली. नाकात धूळ गेली की तिची छाती वाजायची, अंगभर गांधी उठायच्या. श्रावणात कानबाई देवी घरात बसवायची तर आधी सारं घर झाडून काढायचं, आणि नेमकी तेव्हाच ती आडवी व्हायची. मग गल्लीतल्या डॉक्टरची पुडी सुरू झाली. पांढरी पूड, कागदावर नाव ना गाव. सकाळी घेतली की संध्याकाळी अक्का चुलीपुढे! पुढे ती रोजचीच झाली. चेहरा गोल गरगरीत झाला तर बायका म्हणायच्या, ‘सुमन, तब्येत सुधारली गं!’ अक्का हसायची...

यंदा कानबाईचे रोट झाले. तो प्रसाद संपेपर्यंत, चारेक दिवस, बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही, हा तिच्या सासरचा दंडक. सासूबाई मायेनेच म्हणाल्या, ‘पुडी बाहेरनी शे, सुमन. रोट सरू दे, मंग लेजो.’ अक्काने पुड्या रुमालात बांधून देवघरात ठेवल्या. मग उलट्या, ग्लानी... सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं हाताबाहेर गेलं होतं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. धूळ काही विष नसते, अंगातल्या राखणदार पेशीच तिला शत्रू समजून गोंधळ घालतात. पुडीतलं स्टेरॉइड त्यांना गप्प करतं, आणि चेहराही त्यानेच सुजून गोल होतो. ‘असंच द्रव्य आपलं शरीरही बनवतं. बाहेरून रोज मिळालं की ते बनवणं सोडतं. म्हणून औषध हळूहळू कमी करायचं. एकदम थांबवलं तर माणूस कोसळतो.’ म्हणजे औषध वाईट नव्हतं. ही दोन वाक्यं अक्काला कोणी सांगितली असती, तर तिने सासूबाईंना नक्की सांगितली असती.

तो गल्लीतला डॉक्टर दारावर, सांत्वनाला आला होता. चार माणसांत बसून म्हणाला, ‘त्यांनी औषध मध्येच सोडलं हो.’ मी विचारलं, ‘सोडायचं नाही, हे तुम्ही सांगितलं होतं?’ तर म्हणतो, ‘बायामाणसांना काय कळणार त्यातलं?’ पुडी गिळायला बायामाणूस चालतं, कळायला चालत नाही! मेहुण्यांनी हात धरला, नाहीतर दारावर आलेल्या माणसाला मी त्या दिवशी हाकलून दिलं असतं.

अक्काच्या देवघराच्या कोनाड्यात तिचा रुमाल अजून तसाच आहे. आत त्या पुड्या. परवा मी तो उचलून पाहिला. गाठ अगदी सैल आहे. चार दिवसांनी तिलाच सोडायची होती ती.