उजव्या वळणावरचा आवाज

गॅरेजात किस्से कुणी गोळा करत नाही. डिकीत रिकाम्या बाटल्या साठतात तसे ते साठतात. साफसफाईला डिकी उघडावी तेव्हा कळतं, इतके झाले! कसालला हायवेच्या कडेला इनासचं गॅरेज आहे, त्याला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान. इनासला प्रत्येक गाडी आठवते, पण गिऱ्हाईक काय म्हणालं ते आठवत नाही. म्हणून तक्रारींची वही मी ठेवतो. नियम एकच. गिऱ्हाइकाचेच शब्द लिहायचे, आपली अक्कल त्यात घालायची नाही.

त्या वहीतली यंदाची सात पानं एकट्या बाबलची आहेत.

*

बाबल मालवणच्या एका हॉटेलचे पाहुणे स्टेशनवरून आणतो. त्याचा सगळा सीझन त्या एका हॉटेलवर. एका सोमवारी तो गॅरेजात चालत आला. गाडी रस्त्यापलीकडे.

"गाडी हंय कित्याक हाडूक नाय?" इनासने विचारलं.

"हंय येऊक उजव्याक वळूक लागता!"

डावीकडे वळताना गाडी गप्प. उजवीकडे वळली की खर्र खर्र खर्र! हॉटेलचे मालक नंदाशेट आदल्या दिवशी स्वतः गाडीत बसले होते. उतरताना त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं, "शनिवारी पुण्याचा ग्रुप येतोय. तोपर्यंत हा आवाज बंद झाला नाही, तर मी दुसरी गाडी लावणार."

शुद्ध मराठी ऐकूनच बाबल घाबरला होता.

*

इनासच्या आधी बाबलने बरेच सल्ले घेतले होते. रिक्षावाला म्हणाला स्टिअरिंग ऑइल. मेव्हणा म्हणाला टायर मोठे. सगळ्यांच्या मते दुखणं उजवीकडेच, त्यामुळे दोन महिने उजव्या चाकाची सेवा चालली होती. तिकडे ग्रीस इतकं भरलं होतं की इनासचा पाना हातातून दोनदा निसटला.

"ह्या चाकाक काय झाला नाय रे," इनास म्हणाला, "ह्येचा फक्त वजन वाढलाहा!"

*

"मग दोन महिने पाहुण्यांना काय सांगितलंस?" मी विचारलं. वहीत तेवढी जागा रिकामी होती.

बाबलने आधी इकडेतिकडे पाहिलं. हॉटेलच्या अलीकडे एक उजवं वळण आहे, ते काही केल्या टाळता येत नाही. तिथे आला की बाबल एसी बंद करायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, "ऐकलंत? इथं जमीन पोकळ आहे. खाली भुयार आहे, थेट समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत."

खर्र खर्र खर्र!

पोरं आईला बिलगायची. मोठी माणसं मोबाईल काढायची. एका कुटुंबाने तर त्याला तीन वेळा मागे फिरून भुयार पुन्हा ऐकवायला लावलं.

"आणि परत जाताना तेच वळण डावं होतं. तेव्हा भुयार गप्प कसं, असं कुणीच विचारलं नाही?"

"एकान इचारल्यान. मिया सांगितलंय, आता भरती इली!"

*

आवाज नीट ऐकायचा तर गाडी सलग एकाच बाजूला फिरवायला हवी. जवळ मोकळी जागा एकच, देवळासमोरची. मधे वडाचा पार. बाबलने पाराला उजवा फेरा धरला. बाजूच्या सीटवर इनास, कान खिडकीबाहेर.

तिसऱ्या फेऱ्याला येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थांबून हात जोडू लागल्या. पारावर बसलेल्या तात्यांना वाटलं, नवस आहे. ते उठले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या गाडयेक जी काय पीडा आसा, ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज खिडकीतून आला. इनास दर रविवारी चर्चला जातो.

मग इनास म्हणाला, "आता डाव्याक फिरव." गाडी उलटी फिरताच पार ओरडला, "अरे थांबा! उलटी प्रदक्षिणा!"

इनास खाली उतरला. "तात्यानू, देवान दाखवल्यान. डावा चाक!"

"आवाज उजव्याक वळताना, आणि चाक डावा?" बाबल रडकुंडीला आला.

"उजव्याक वळताना तू खंय कलंडतंस?"

"डाव्याक."

"गाडी पण तुझीच आसा!"

*

डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. चाक उचलून हाताने फिरवलं तर जात्यासारखं घरघरलं. खाऱ्या पाण्याचं काम आहे, इनास म्हणाला. बाबलने आईची शपथ घेतली. गाडी कधी किनाऱ्यावर नेली नाही, पाहुण्यांनी कितीही सांगितलं तरी नाही!

इनासने चाकावरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं. ओंजळभर वाळू पडली, आणि वाळूत एक अख्खी शिंपली.

"मगे ही काय कसालाक एस्टीन इली?"

मी माझ्याकडचं नवं बेअरिंग दिलं, जुनं इनासने भंगाराच्या डब्यात टाकलं. शुक्रवारी दुपारी बाबल उजवीकडे वळून, हॉर्न वाजवत, पण चाकाचा कसलाही आवाज न करता गेला. वहीत मी लिहिलं: काम पूर्ण.

*

रविवारी दुपारी गाडी परत आली. आत बाबल आणि नंदाशेट. बाबलचा चेहरा सोमवारपेक्षा वाईट.

"आवाज येतोय?" मी विचारलं.

"तेच सांगायला आलोय," नंदाशेट म्हणाले. "पुण्याचा ग्रुप काल आला. सहा माणसं. त्या वळणावर सगळ्यांनी काचा खाली घेतल्या. पोरांना गप्प केलं. एकाने मोबाईल बाहेर धरला. आणि काही नाही! आधीच्या पाहुण्यांनी नेटवर लिहून ठेवलंय, भुयार ऐकल्याशिवाय परत येऊ नका. ही माणसं त्यासाठी आलीत! मला विचारतात, आता भरती आहे का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो. तर म्हणतात, ओहोटी किती वाजता?"

बाबल हळूच म्हणाला, "मिया सांगितलंय, सांजचे सहा."

इनास हातातला पाना खाली ठेवून भंगाराच्या डब्याकडे बघत राहिला. नंदाशेटनी माझ्या वहीवर बोट ठेवलं. "लिहा तक्रार. नाहीतर मी दुसरी गाडी लावणार."

नियम तो नियम. मी तारीख टाकली, गाडीचा नंबर घातला आणि त्यांच्याच शब्दांत लिहिलं:

'उजवीकडे वळताना आवाज येत नाही. सहाच्या आत दुरुस्त करून हवा.'